दूरच्या सर्व्हरवरचे ‘रिकामे नसलेले’ फोल्डर काढून टाकायचे कसे?

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ गेली सहा वर्षे मी सांभाळतो आहे. मी मुळात ग्रंथपाल आहे आणि संगणकाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे माझ्या प्रश्नात काही बाळबोध वाटले तर सांभाळून घ्यावे.

संकेतस्थळ शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे) आहे. सर्व्हर अमेरिकेत आहे, आमच्याकडे फक्त एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवण्या-उतरवण्याची पद्धत) आणि कंट्रोल पॅनेल आहे, आणि शेलचा (सर्व्हरवर थेट आज्ञा देण्याचा) प्रवेश आमच्या योजनेत मिळत नाही. आम्ही काही वर्षांपूर्वी जुन्या मासिकांची सुमारे १६,००० पाने स्कॅन करून एका गॅलरीत चढवली होती. ती गॅलरी आता बंद आहे, मूळ चित्रे आम्ही दुसरीकडे हलवली आहेत. परंतु तिने प्रत्येक पानाच्या चार आकारांतल्या लहान प्रती तयार करून ‘कॅश’ नावाच्या फोल्डरात ठेवल्या होत्या, आणि त्या अजून तशाच पडून आहेत. होस्टिंगकडून आता सूचना आली आहे की खात्यातील फाइलींची संख्या २,५०,००० च्या मर्यादेला टेकत आली असून ती कमी केली नाही तर नवीन काही चढवता येणार नाही. जागा भरपूर शिल्लक आहे. अडचण फक्त संख्येची आहे.

मी फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॅश’वर उजवी टिचकी मारून ‘डिलीट’ निवडले. खालच्या नोंदीत एकेका फाइलचे नाव धावू लागले. सुमारे चाळीस मिनिटांनी शेवटची ओळ आली ती अशी: ‘५५० कान्ट रिमूव्ह डिरेक्टरी: डिरेक्टरी नॉट एम्प्टी’. फोल्डर ताजे करून पाहिले, तर ते पुन्हा भरलेले! खाली संख्या ९,९९८. पुन्हा पुसले, पुन्हा चाळीस मिनिटे, पुन्हा तीच ओळ आणि पुन्हा ९,९९८. हे तीनदा झाले आहे. पुसलेल्या फाइली परत येत आहेत की काय, अशी शंका मला येते. भरलेले फोल्डर एका आज्ञेत काढून टाकण्याची काही सोय नाही का?

तळटीप
शनिवार, रात्री ११:०५

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे सगळे त्यातूनच उलगडते. एफटीपीमध्ये तशी आज्ञा नाही. आज सर्वत्र चालतो तो एफटीपीचा नियमग्रंथ ऑक्टोबर १९८५ मधला आरएफसी ९५९ होय (आरएफसी म्हणजे इंटरनेटची क्रमांकित नियमपत्रे). त्यात पुसण्यासाठी दोनच आज्ञा आहेत: फाइलसाठी ‘डीईएलई’ आणि फोल्डरसाठी ‘आरएमडी’. ‘आतल्या सगळ्यासकट काढ’ असे सांगण्यासाठी तिथे शब्दच नाही. ‘आरएमडी’ मिळाल्यावर सर्व्हर ती मागणी आपल्या फाइल-प्रणालीकडे सोपवतो, आणि युनिक्स घराण्यातील प्रणाली रिकामे नसलेले फोल्डर काढायला सरळ नकार देतात. तुम्हाला दिसलेली ५५० ची ओळ हा तोच नकार आहे.

मग फाइलझिलाने काय केले? तुम्ही एकदाच टिचकी मारली, तरी त्याने फोल्डरात शिरून यादी मागवली, यादीतल्या प्रत्येक फाइलला एकेक ‘डीईएलई’ पाठवली, दर वेळी सर्व्हरच्या होकाराची वाट पाहिली आणि सर्वांत शेवटी ‘आरएमडी’ पाठवली. अमेरिकेत जाऊन परत यायला एका आज्ञेला पाव सेकंद लागतो असे धरले, तर ९,९९८ फाइलींना २,५०० सेकंद, म्हणजे बेचाळीस मिनिटे होतात. तुमची चाळीस मिनिटे अशी जुळतात. त्यातला बहुतेक वेळ पुसण्यात गेलेला नाही, तो निरोपाच्या ये-जा करण्यात गेलेला आहे.

जाता जाता, ज्याचा अभिमान वाटावा असा एक तपशील: एफटीपीचा अगदी पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्या वेळी ते एमआयटीत होते.

आता ९,९९८ या आकड्याकडे वळू या. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. कंट्रोल पॅनेल असलेल्या बऱ्याच होस्टिंगवर प्युअर-एफटीपीडी नावाचा सर्व्हर असतो आणि त्याच्या मांडणीत एक मर्यादा घातलेली असते: एका यादीत जास्तीत जास्त १०,००० नोंदी आणि आठ पातळ्यांपर्यंत खोली. मोठी यादी मागून कोणी सर्व्हरला घाम फोडू नये म्हणून ही मर्यादा ठेवलेली आहे. दहा हजारांमध्ये ‘हे फोल्डर’ दाखवणारा एक ठिपका आणि ‘वरचे फोल्डर’ दाखवणारे दोन ठिपके या दोन नोंदीही मोजल्या जातात, म्हणून उरतात ९,९९८. तुमच्या फाइली परत येत नाहीत. दर वेळी तुम्हाला नवीन ९,९९८ दिसत आहेत. नोंदीत यादी संपताना ‘आउटपुट ट्रंकेटेड’ असे शब्द आले आहेत का, तेवढे पाहून सांगा.

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११:४०

आहेत! ‘आउटपुट ट्रंकेटेड टू १०००० मॅचेस’ अशी ओळ तिन्ही वेळा आलेली आहे. मी ती वाचली होती, पण तिचा माझ्या अडचणीशी संबंध असेल असे मनात आले नाही. १६,००० पानांच्या चार प्रती म्हणजे ६४,००० फाइली. तीन फेऱ्यांत जवळजवळ ३०,००० गेल्या असतील, तर अजून निम्म्याहून अधिक बाकी आहेत. मग मी आणखी चार वेळा तेच करावे का?

रात्रपाळी
रविवार, पहाटे १:१५

करता येईल, पण करू नका, असे सुचवतो. ६४,००० फाइलींचा हिशेब पाव सेकंदाने केला तर साडेचार तासांच्या आसपास जातो, आणि मध्ये जोडणी तुटली की पुन्हा यादीपासून सुरुवात करावी लागते. काम सर्व्हरपाशीच होईल असा मार्ग शोधावा.

पहिला मार्ग कंट्रोल पॅनेलमधील फाइल मॅनेजरचा. तो सर्व्हरवरच चालत असल्यामुळे निरोपांची ये-जा वाचते. फोल्डर फार मोठे असेल तर मात्र त्याचे पान उघडतानाच दमते, म्हणून त्या फोल्डरात शिरू नका; वरच्या पातळीवर थांबून फोल्डर निवडा आणि पुसा.

दुसरा मार्ग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेल नसलेल्या बहुतेक योजनांतही पॅनेलमध्ये क्रॉनची सोय असते, आणि क्रॉन म्हणजे तुमच्या खात्याच्या नावाने ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारा गडी. त्याला ‘फाइंड’ ही आज्ञा देता येते: आधी फोल्डरचा पूर्ण मार्ग, मग ‘-डिलीट’. ‘-डिलीट’ लिहिले की ‘फाइंड’ आपोआप खोलातून वर येत पुसत जाते, म्हणजे आधी फाइली, मग त्यांचे फोल्डर, आणि शेवटी तुम्ही दिलेले फोल्डरही. प्रतीकात्मक दुव्यांच्या (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नुसते बोट दाखवणाऱ्या नोंदींच्या) मागेही ती जात नाही. दुवा सापडला तर दुवाच पुसते.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. ‘फाइंड’ आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते, त्यामुळे ‘फक्त जेपीजी’ अशी अट घालायची असेल तर ती ‘-डिलीट’च्या आधी लिहावी लागते. उलटे लिहिले तर अट तपासण्याआधीच सगळे पुसलेले असते. म्हणून पहिल्या रात्री ‘-डिलीट’ न लिहिता नुसती यादी फाइलीत उतरवून घ्यावी, ती डोळ्यांखालून घालावी आणि दुसऱ्या रात्री ‘-डिलीट’ जोडावे. दुसरी गोष्ट अशी की क्रॉनचे घड्याळ सर्व्हरच्या गावचे असते. तुमची मध्यरात्र ही तिथली भर दुपार असू शकते.

जुना_दोर
रविवार, सकाळी ८:३०

वरील दोन्ही प्रतिसाद अचूक आहेत. माझी भर एवढीच की, पुसण्याआधी फोल्डरचे नाव बदला. ‘कॅश’चे ‘कॅश_जुने_काढायचे’ करा आणि आठवडाभर संकेतस्थळ तसेच चालू द्या. नाव बदलणे ही सर्व्हरच्या दृष्टीने एकच आज्ञा असते, आत ६४ फाइली असोत वा ६४,०००, ती क्षणात होते. त्या फोल्डरावर कुठले पान अजून अवलंबून असेल तर ते लगेच मोडेल आणि तुम्हाला दोन सेकंदांत जुने नाव परत देता येईल. पुसलेले मात्र परत देता येत नाही. एफटीपीला कचरापेटी नसते.

हे मी किंमत मोजून शिकलो आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लहान संस्थेसाठी मी काम करत होतो. संकेतस्थळ नव्या रचनेत आणले होते आणि जुन्या रचनेची प्रत सर्व्हरवर तशीच राहिली होती. ती काढण्यासाठी मी स्वतः एक छोटी आज्ञावली लिहिली. यादीतील प्रत्येक नाव घ्यायचे आणि ‘सीडब्ल्यूडी’ (फोल्डरात शिरण्याची आज्ञा) देऊन त्यात शिरता येते का ते पाहायचे. शिरता आले तर ते फोल्डर, नाही तर ती फाइल. ही युक्ती तेव्हा प्रचलित होती, कारण ‘लिस्ट’ या यादी मागवण्याच्या आज्ञेच्या उत्तराचा साचा नियमग्रंथात ठरवलेलाच नाही आणि प्रत्येक सर्व्हर ते उत्तर आपापल्या पद्धतीने छापतो. त्या जुन्या प्रतीत ‘अपलोड्स’ नावाचा एक प्रतीकात्मक दुवा होता. माझ्या आधीच्या माणसाने जागा वाचवण्यासाठी तो थेट चालू संकेतस्थळाच्या चित्रांकडे वळवलेला होता. ‘सीडब्ल्यूडी’ दुव्यातून आत गेली. माझ्या आज्ञावलीने तिला फोल्डर मानले, आतले सगळे निगुतीने पुसले आणि शेवटी दुव्यावर ‘आरएमडी’ चालवली तेव्हा मात्र ती अडली, कारण दुवा हे फोल्डर नव्हते. त्या अडलेल्या ओळीमुळेच मी नोंद वाचली. तोपर्यंत चालू संकेतस्थळावरील सगळी चित्रे गेली होती. तीन आठवड्यांपूर्वीची प्रत होती म्हणून अब्रू वाचली. त्या तीन आठवड्यांतील चित्रे मात्र लोकांकडून पुन्हा मागवावी लागली.

म्हणून धागाकर्त्यांना विनंती आहे की, ‘कॅश’मध्ये किंवा त्याच्या आसपास दुवे आहेत का ते आधी पाहावे. यादीत ओळीच्या सुरुवातीला फोल्डरसाठी ‘डी’ आणि दुव्यासाठी ‘एल’ हे अक्षर असते, आणि दुव्याच्या नावापुढे बाण काढून तो कुठे जातो तेही लिहिलेले असते. तुमच्या खात्याच्या मुळाशी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नावाचे काही दिसत असेल, तर तो बहुधा ‘पब्लिक_एचटीएमएल’कडे (चालू संकेतस्थळाच्या, सर्वांना दिसणाऱ्या फोल्डराकडे) जाणारा असाच दुवा आहे. ते जास्तीचे फोल्डर समजून कोणी साफ करायला गेले तर काय होईल, हे सांगायला नको.

तळटीप
रविवार, सकाळी ९:१०

जुना_दोर यांच्या अनुभवात तांत्रिक भर घालतो, कारण आजही लोक अशा आज्ञावली लिहितात. ‘लिस्ट’चे उत्तर वाचण्याऐवजी ‘एमएलएसडी’ वापरावी. ती २००७ च्या आरएफसी ३६५९ मध्ये आली आणि तिच्या उत्तरात प्रत्येक नोंदीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. पायथन भाषेच्या एफटीपीलिबमध्ये ती ३.३ पासून आणि पीएचपी या वेबसर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत ७.२ पासून आहे. तिच्या उत्तरात चालू फोल्डर आणि वरचे फोल्डर हेही स्वतंत्र प्रकार म्हणून येऊ शकतात. ते दोन वगळायला विसरलात, तर आज्ञावली ‘आतल्या’ फोल्डरात जाण्याऐवजी वरच्या फोल्डरात शिरते आणि तिथून झाडू मारत सुटते. असे झाले तर ते थांबवायला वेळ मिळत नाही.

प्रोएफटीपीडी या सर्व्हरवर एक वेगळी सोय असते. त्याचा ‘मॉड_साइट_मिस्क’ हा भाग चालू असेल तर ‘साइट आरएमडीआयआर’ ही आज्ञा भरलेले फोल्डर सर्व्हरवरच्या सर्व्हरवर काढून टाकते. ही त्या एका सर्व्हरची स्वतःची भर आहे. शेअर्ड होस्टिंगवर ती मिळेल अशी आशा धरू नये.

शेवटची_पायरी
रविवार, दुपारी १२:४५

धागा एफटीपीचा आहे, पण शीर्षक वाचून माझ्यासारखे कार्यालयातले लोकही इथे येतील, म्हणून विंडोजच्या सामायिक ड्राइव्हबद्दल लिहितो. तिथेही ‘डिरेक्टरी इज नॉट एम्प्टी’ येते, त्रुटी क्रमांक १४५, आणि फोल्डर उघडून पाहावे तर आत काहीच नसते. कारण मात्र निराळे आहे.

अशा ड्राइव्हवर एखादी फाइल कोणाकडे उघडी असताना पुसली, आणि उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तशी मुभा दिलेली असली, तर ती लगेच जात नाही. तिच्यावर ‘पुसायची आहे’ अशी खूण होते आणि तिला धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम तिला सोडेपर्यंत तिचे नाव फोल्डरात राहते. ती उघडता येत नाही, पण फोल्डरही रिकामे होत नाही. आमच्याकडे लेखा विभागातील एका सहकाऱ्यांच्या संगणकावर फाइल एक्सप्लोररची खिडकी चित्रांच्या दृश्यात उघडी होती आणि तिने ‘थम्ब्स.डीबी’ नावाची दडलेली फाइल धरून ठेवली होती. मी सर्व्हरवर तासभर परवानग्या तपासत बसलो. शेवटी सर्व्हरच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खालील ‘ओपन फाइल्स’ उघडल्यावर वापरकर्त्याच्या नावासकट तिथे नोंद दिसली. त्यांना फोन करून खिडकी बंद करायला सांगितली आणि फोल्डर पहिल्या फटक्यात गेले. नोंद तिथल्या तिथे बळजबरीने बंद करता येते, पण समोरच्याचे न जपलेले काम बुडू शकते, त्यामुळे मी फोनच पसंत करतो.

सर्व्हर लिनक्सवरचा सांबा (विंडोजच्या संगणकांना फोल्डर सामायिक करून देणारा प्रोग्रॅम) असेल तर आणखी एक गंमत होते. मॅक संगणक उघडलेल्या फोल्डरांत ‘डॉट डीएस_स्टोअर’ सोडतात म्हणून व्यवस्थापक त्या ‘व्हीटो फाइल्स’मध्ये टाकतात, म्हणजे त्या कोणालाच दिसत नाहीत. पण न दिसणारी फाइलही फाइलच असते. ‘डिलीट व्हीटो फाइल्स’ ही मांडणी मुळात ‘नाही’ असते, त्यामुळे आत तेवढी एक फाइल उरली तरी फोल्डर निघत नाही आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही. ती ‘होय’ केली की प्रश्न मिटतो.

आणि हो, सामायिक ड्राइव्हवरून पुसलेले आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. हे वाक्य मी कार्यालयात छापून लावले आहे, तरी महिन्यातून एकदा कोणी तरी विचारायला येतेच.

रात्रपाळी
रविवार, दुपारी १:२०

एनएफएसवरही (युनिक्स घराण्यातील सामायिक ड्राइव्हची पद्धत) याच जातीचे भूत असते. उघडी फाइल पुसली की एनएफएसचा क्लायंट (वापरणाऱ्याच्या संगणकावरचा भाग) तिचे नाव बदलून ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारे एक लांबलचक नाव ठेवतो. ती पुसावी तर तिच्या जागी लगेच दुसरी उगवते. फाइल धरून बसलेली प्रक्रिया ‘एलएसओएफ’ने (उघड्या फाइली दाखवणारी आज्ञा) शोधून थांबवली की ती आपोआप नाहीशी होते.

नवखा_पांथस्थ
रविवार, सायंकाळी ६:००

माझाही प्रश्न याच विषयाचा आहे. मी एफटीपी वापरत नाही, एसएफटीपी वापरतो. तिथे मला ‘नॉट एम्प्टी’ असेही येत नाही, नुसते ‘फेल्युअर’ येते. परवानगी नाही, फोल्डर भरलेले आहे, की आणखी काही, हे ओळखायचे कसे?

तळटीप
रविवार, सायंकाळी ६:३५

नावात साम्य असले तरी एसएफटीपी हा एफटीपीचा भाऊ नव्हे. तो एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीच्या) आत चालणारा स्वतंत्र नियम आहे. ओपनएसएसएच हा एसएसएचचा प्रचलित प्रोग्रॅम त्याची तिसरी आवृत्ती वापरतो आणि त्या आवृत्तीत ‘फोल्डर रिकामे नाही’ यासाठी वेगळा क्रमांकच नाही. तो पुढच्या मसुद्यांत १८ या क्रमांकाने आला, पण ओपनएसएसएच तिसऱ्या आवृत्तीवरच राहिला. परवानगी नसेल तर तिथे ‘परमिशन डिनाइड’ असे स्पष्ट येते आणि फोल्डरच नसेल तर ‘नो सच फाइल’ येते. म्हणून ‘आरएमडीआयआर’वर मोघम ‘फेल्युअर’ आले, तर पहिला संशय फोल्डर भरलेले असल्याचाच धरावा आणि ‘एलएस -एलए’ देऊन आत पाहावे. अर्थात, तुमच्याकडे एसएसएचचा पूर्ण प्रवेश असेल तर एसएफटीपीत कष्ट कशाला? सर्व्हरवर लॉगिन करून ‘आरएम -आर’ चालवा. फक्त आज्ञावलीतून चालवत असाल तर मार्ग साठवणारे चलपद कोरे तर नाही ना, ते आधी तपासा, कारण चलपदाच्या पुढे तिरकी रेघ असेल आणि चलपद कोरे निघाले, तर ती रेघ म्हणजे सर्व्हरचे मूळ होते.

वेबडॅव्हमध्ये (वेबच्याच मार्गाने फाइली हाताळण्याची पद्धत) मात्र अगदी उलट आहे. तिथे फोल्डरावर ‘डिलीट’ दिले की ते आतल्या सगळ्यासकट काढणे हे सर्व्हरवर बंधनकारक आहे, आणि आतले काही निघाले नाही तर कोणते निघाले नाही हे तो २०७ क्रमांकाच्या उत्तरात सांगतो. २००७ चा आरएफसी ४९१८ पाहावा. एफटीपीत कष्टाने जे करावे लागते ते तिथे एका ओळीत होते, आणि चूक झाली तर तीही एका ओळीतच होते.

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
पुढचा शनिवार, रात्री ९:५०

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झाले ते क्रमाने लिहितो, कारण शेवटी एक गाठ उरली आहे.

फोल्डरचे नाव रविवारीच बदलले. मंगळवारी एका वाचकांनी कळवले की ‘आमच्याविषयी’ या पानावरील वाचनालयाच्या जुन्या वास्तूचे चित्र दिसत नाही. ते चित्र गॅलरीच्या ‘कॅश’मधूनच येत होते आणि हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. मी ते बाहेर काढून योग्य जागी ठेवले. नाव न बदलता थेट पुसले असते तर त्या वास्तूचे ते चित्र मिळवायला कुठे गेलो असतो, देव जाणे; वास्तू आता उभी नाही.

फाइल मॅनेजर चालला नाही, वरच्या पातळीवरूनही तो बराच वेळ फिरत राहून थांबला. मग गुरुवारी रात्री क्रॉनने नुसती यादी काढली. तिच्यात एकही दुवा नव्हता. ओळी मोजल्या, त्या ३४,००० हून थोड्या अधिक भरल्या, म्हणजे तीन फेऱ्यांचा हिशेब जुळला. शुक्रवारी ‘-डिलीट’ जोडले. आज सकाळी पाहिले तर जवळजवळ सगळे गेलेले होते. उरले होते ते एकच उपफोल्डर, ‘टीएमपी’ नावाचे. एफटीपीतून ते उघडले तर आत काहीच दिसत नाही, आणि पुसायला गेले की पुन्हा तीच ‘नॉट एम्प्टी’ची ओळ येते. गुरुवारच्या यादीत त्या फोल्डरात ‘डॉट एचटीॲक्सेस’ आणि आणखी बारा फाइली दाखवल्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या नावाच्या सुरुवातीला ठिपका आहे.

तळटीप
पुढचा शनिवार, रात्री १०:३०

नावाच्या सुरुवातीला ठिपका असलेल्या फाइली यादीत लपवायच्या की दाखवायच्या, हे सर्व्हरच्या मांडणीवर असते. फाइलझिलाच्या ‘सर्व्हर’ मेनूत ‘फोर्स शोइंग हिडन फाइल्स’ आहे, ते चालू करा म्हणजे त्या दिसतील. पण एक प्रश्न पडतो. क्रॉनला त्या दिसत होत्या, तरी त्याने पुसल्या नाहीत. त्या फोल्डराचा मालक कोण आहे?

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
पुढचा शनिवार, रात्री १०:५५

मालकाच्या रकान्यात बाकी सगळीकडे आमच्या खात्याचे नाव होते. ‘टीएमपी’समोर मात्र ‘नोबडी’ असे आहे, आणि परवानगी ७५५.

जुना_दोर
पुढचा शनिवार, रात्री ११:१५

मग उलगडा झाला. ते फोल्डर तुमच्या खात्याने तयार केलेले नाही, जुन्या गॅलरीच्या पीएचपीने वेबसर्व्हरच्या नावाने तयार केलेले आहे. फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर लिहिण्याचा हक्क कोणाला आहे यावर ठरते. ७५५ मध्ये तो हक्क फक्त मालकाला, म्हणजे ‘नोबडी’ला. आतल्या फाइली गेल्या असत्या तर रिकामे ‘टीएमपी’ तुम्हाला काढता आले असते, कारण त्याच्या वरचे फोल्डर तुमचे आहे. पण आतल्या तेरा फाइलींना तुम्ही हात लावू शकत नाही.

तुमच्या होस्टिंगवर पीएचपी अजूनही ‘नोबडी’च्याच नावाने चालत असेल, तर एक लहानशी पीएचपी फाइल चढवून ब्राउझरमधून चालवा. ती ‘टीएमपी’ची यादी ‘स्कॅनडिर’ने घेईल, एक ठिपका आणि दोन ठिपके वगळेल आणि उरलेल्यांवर ‘अनलिंक’ चालवेल. आत उपफोल्डरे निघाली तर ‘इज_डिर’च्या आधी ‘इज_लिंक’ तपासा, कारण ‘इज_डिर’ दुव्याच्या मागे जाते. माझी कथा वर आहेच. पीएचपी आता तुमच्या खात्याच्या नावाने चालत असेल, आणि बऱ्याच ठिकाणी हल्ली तसेच असते, तर हा उपाय लागू पडणार नाही आणि होस्टिंगच्या मदतकेंद्राला पूर्ण मार्ग लिहून मालकी बदलून मागावी लागेल.

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
सोमवार, दुपारी ३:१०

पीएचपी आमच्याच खात्याच्या नावाने चालते, त्यामुळे पहिला उपाय चालला नाही. मदतकेंद्राला फोल्डरचा पूर्ण मार्ग, मालकाचे नाव आणि परवानगी एवढेच तीन ओळींत लिहून पाठवले. आजवर त्यांच्याकडून ‘कॅश साफ करून पाहा’ असली उत्तरे येत. या वेळी वीस मिनिटांत मालकी बदलल्याचे उत्तर आले. मग क्रॉनची तीच आज्ञा पुन्हा चालवली आणि फोल्डर गेले. पॅनेलमधील फाइलींचा आकडा लगेच उतरला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेला दिसला.

क्रॉनमधली ती नोंदही आता काढून टाकली आहे. चाचणीसाठी चढवलेली पीएचपी फाइल मात्र सर्व्हरवर तशीच राहिली होती, हे उत्तर लिहिता लिहिता आठवले. ती आत्ताच पुसून आलो.

जुना_दोर
सोमवार, दुपारी ३:२५

ती पुसली हे उत्तम केले. पहिल्या रात्रीची यादी ज्या फाइलीत उतरवली होती, ती ‘पब्लिक_एचटीएमएल’च्या आत तर ठेवलेली नाही ना, तेवढे पाहून घ्या.

वाचनालय_सेवक (धागाकर्ता)
सोमवार, दुपारी ३:४०

आतच होती. काढली.